बोटभर उसळी

माझे भाऊजी हातोडे तयार करतात असं सांगितलं की लोक विचारतात, त्यात तयार करण्यासारखं काय असतं? एक लोखंडाचा ठोकळा, एक दांडा, झालं. असल्या माणसांचा मला भारी राग येतो. ज्यांनी जन्मात भिंतीत दोन खिळ्यांपलीकडे काही ठोकलेलं नसतं, तेच हे विचारतात. दिवसाला दोन हजार ठोके मारणारा माणूस असं विचारत नाही. तो आधी आपलं मनगट चोळतो आणि मग म्हणतो, उसळतो किती?

साधा हातोडा लोखंडावर आपटला की परत उसळतो. मारापैकी थोडा कामाला लागतो आणि उरलेला मारणाऱ्याच्याच हातात परत येतो. भाऊजींच्या हातोड्याचं डोकं आतून पोकळ असतं आणि त्यात पाऊण भाग पोलादी छर्रे भरलेले असतात. हात खाली आणला की छर्रे मागे राहतात. डोकं लोखंडावर आपटतं, उसळायला बघतं, आणि नेमके तेवढ्यात छर्रे मागून येऊन त्याला दाबून धरतात. हातोडा पडतो तिथेच राहतो. एवढंच आहे, पण हे एवढंच जमवायला भाऊजींची अकरा वर्षं गेली.

मी त्यांची धाकटी मेहुणी. लग्न केलं नाही, आणि आता तो विषयही कोणी काढत नाही. भाऊजी आणि मी एकाच कारखान्यात आहोत. लांबलचक पत्र्याची शेड, एका टोकाला प्रेस, दुसऱ्या टोकाला ऐरण, आणि मध्ये खिडकीखाली माझं टेबल. त्या टेबलावर मी डोक्यांमध्ये छर्रे भरते, वर चमचाभर तेल सोडते आणि बूच लावते. राहतोही आम्ही एकाच इमारतीत, समोरासमोरच्या दारांत.

भाऊजी सोळाव्या वर्षी मोटारींचे चेपलेले पत्रे ठोकायला लागले. तिथून या कारखान्यात आले ते हातोड्यांच्या डोक्यांना पॉलिश करायला. काही वर्षांनी एक दिवस ते जुन्या मालकांकडे गेले आणि म्हणाले, ‘आपले हातोडे गिऱ्हाइकालाच मारतात.’ भाऊजी इतकं लांब वाक्य क्वचित बोलत. मालक हसले आणि त्यांना शेडचा एक कोपरा देऊन टाकला. मग भाऊजींनी दांड्याला रबर लावून बघितलं. डोक्यात वाळू भरून बघितली, महिनाभरात तिचं पीठ झालं. शिशाच्या गोळ्या भरल्या, त्या एकमेकींना चिकटून वडी बसली. शेवटी पोलादी छर्रे आले. पहिल्यांदा मालकांना दाखवताना बूच उडालं, छर्रे फरशीभर पसरले, आणि जाडजूड मालक त्यावरून घसरून धपकन खाली बसले. बसल्या बसल्या म्हणाले, ‘मी उसळलो नाही, म्हणजे जमलंय.’ कारखान्यात अजून हे सांगून लोक हसतात. भाऊजी त्या दिवशी हसले नव्हते, ते फरशीवर गुडघ्यांवर बसून छर्रे वेचत होते.

माझी ताई त्यांना थंडोबा म्हणायची. ‘आमच्या थंडोबांना जगाच्या मनगटांची काळजी, घरातली खुर्ची वर्षभर डुगडुगतेय.’ भाऊजी ऐकून घ्यायचे आणि खुर्ची डुगडुगत राहायची.

मालक गेल्यावर त्यांच्या मुलीने कारखाना हातात घेतला. आम्ही त्यांना बाई म्हणतो. बाई शिकलेल्या, त्यांनी उसळी मोजायचं यंत्र आणायचं ठरवलं. भाऊजी म्हणाले, ‘यंत्राला मनगट नसतं.’ बाईंना ते इतकं आवडलं की यंत्र राहिलं बाजूला, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या हे वाक्य ऐकवू लागल्या. आमच्याकडे हातोडा पास होतो तो असा : नमुना तयार झाला की मी तो ऐरणीपाशी घेऊन जायचं. भाऊजी म्हणणार, ‘मेहुणीबाई, दोन ठोके हाणा बघू.’ मी हाणायचे. मग ते हातोडा घ्यायचे, डोळे मिटायचे आणि वीस ठोके मारायचे. चांगला असला तर खिशातला खडू काढून दांड्यावर खूण करायचे. नसला तर ‘अजून चावतो’ म्हणून परत द्यायचे. खडूची खूण झाली की त्यावर कोणी ब्र काढत नसे.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. जमलेले हातोडे बाजारात जातात. फसलेले सगळे ज्याने केले त्याच्याच हातात राहतात. एक नमुना पास व्हायच्या आधी तीस-चाळीस फसतात, आणि त्या प्रत्येकाची उसळी भाऊजींनी आपल्या मनगटावर घेतलेली होती.

ताई गेली ती एका मंगळवारी सकाळी. तीन आठवडे दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी आम्ही दोघं कामावर गेलो. घरी बसून करायचं काय होतं?

मला काही वाटत नव्हतं. हे मी आता सरळ सांगते, तेव्हा सांगायची सोय नव्हती. लोक म्हणायचे, रडून घे, मोकळी हो, जणू माझं एक काम तुंबून राहिलं होतं. मी हो म्हणायचे. चहा कोमट आहे की गरम, ते प्यायल्यावर कळायचं नाही. एकदा मी टेबलाच्या खणात बोट चेमटवून घेतलं आणि नख काळं पडलेलं दोन दिवसांनी दिसलं. भाऊजी तर मुळातच थंडोबा, त्यांच्यात फरक पडलाय की नाही हेही कोणाला सांगता आलं नसतं. मी दोघांचं जेवण करायचे, ते समोर येऊन बसायचे, आम्ही जेवायचो आणि ते आपल्या घरी जायचे. ताईचं नाव आम्ही काढत नव्हतो.

त्याच दिवसांत लहान हातोड्याचं काम चाललं होतं. बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या वर्कशॉपने पाचशे हातोडे मागितले होते. तिथले कारागीर बसखाली उताणे झोपून वरच्या बाजूला पिना ठोकतात, त्यांना हलका आणि अजिबात न उसळणारा हातोडा हवा होता. ताई जाऊन दहा-बारा दिवस झाले असतील, तेव्हा नमुना तयार झाला. मी दोन ठोके हाणले. भाऊजींनी डोळे मिटून वीस मारले. खडूची खूण झाली. मग पुढचे तीन आठवडे मी तेच भरत बसले, पाचशे डोकी.

चारशे ऐंशीव्याच्या आसपास तेलाचा डबा संपला. मी तो भरून आणायला स्टोअरमध्ये गेले. स्टोअरवाल्याने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, ‘अहो, हे प्रेसच्या गिअरचं वंगण आहे. तुमच्या तेलाचा डबा हा इथे, तुम्ही महिनाभर नेलाच नाही.’

दोन्ही डबे हिरवे. एकावर पांढरा पट्टा असतो, एकावर नसतो. सोळा वर्षं मी न बघता बरोबर डबा उचलत आले होते. छर्ऱ्यांना गंज चढू नये म्हणून पातळ तेल लागतं. घट्ट वंगणात ते एकमेकांना धरून बसतात, जागचे हलतात पण उशिरा हलतात, आणि उशिरा आलेल्या छर्ऱ्यांचा उपयोग नाही. तोवर हातोडा उसळून गेलेला असतो.

माझी पाचावर धारण बसायला हवी होती. बसली नाही. मी डबा पुसला, झाकण लावलं, आणि संध्याकाळी शेड रिकामी झाल्यावर खूण केलेला नमुना घेऊन ऐरणीपाशी गेले. मूठ ढिली ठेवून हातोडा नुसता पडू दिला. तो बोटभर उसळला. पुन्हा पाडला. पुन्हा बोटभर. बसखाली उताणं झोपून दिवसभर ही बोटभर उसळी मनगटावर झेलायची म्हणजे दोन-तीन वर्षांत हात कामातून जातो. हे मला कोणी शिकवलं असेल तर भाऊजींनीच.

तीन आठवड्यांपूर्वी हाच हातोडा मी स्वतः मारला होता. तेव्हाही तो उसळला असणारच. मला कळलं नाही, कारण मला काहीच कळत नव्हतं. पण भाऊजींना कसं कळलं नाही?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना माझ्या टेबलापाशी बसवलं. दोन छर्रे घेतले, एक बारीक आणि एक त्याच्या दुप्पट. ‘डोळे मिटा,’ मी म्हटलं आणि दोन्ही त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवले. ‘मोठा कुठला ते बोटांनी सांगा.’

भाऊजींनी बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली. एक छर्रा खाली पडला, तरी ते रिकाम्या जागी बोट फिरवतच होते. मग त्यांनी डोळे उघडले.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘चार वर्षं झाली असतील. आधी थंडीत बोटं पांढरी पडायची. मग मुंग्या यायच्या. मग त्याही यायच्या बंद झाल्या.’

‘आणि ठोका मारल्यावर?’

‘मोठी उसळी दंडाला कळते. बारीक कळत नाही. बोटं कळेनाशी झाली की माणूस मूठ जास्त आवळतो, आणि आवळलेल्या मुठीत उसळी दबते.’ हे त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाताबद्दल सांगावं तसं सांगितलं.

‘मग चार वर्षं खुणा कशावरून केल्यात?’

त्यांनी खाली पडलेला छर्रा बुटाच्या टोकाने जवळ ओढला. ‘तुझ्यावरून,’ ते म्हणाले. ‘दोन ठोके तू मारायचीस ना. हातोडा चावला की तुझं तोंड वाकडं होतं. डावी भुवई वर जाते. जरासाच चावला तर ओठ आवळतेस. तुझ्या तोंडाला काही लपवता येत नाही. मी बघून घ्यायचो आणि मग डोळे मिटायचो.’

मी एवढी वर्षं समजत होते की दोन ठोके हाणायला सांगून भाऊजी माझी थट्टा करतात.

‘आणि या लहान हातोड्याला?’

‘या वेळी तू तोंड वाकडं केलं नाहीस.’

प्रेस बंद होती, त्यामुळे शेडमध्ये लोकांच्या डब्यांचे आवाज येत होते. मग मी त्यांना वंगणाचं सांगितलं. लॉट दोन दिवसांनी जाणार होता. माझी चूक मी कबूल करायला तयार होते. बाई फार तर ओरडल्या असत्या, मला त्याचं काही नव्हतं. पण नमुन्यातही तेच वंगण होतं आणि त्यावर भाऊजींची खूण होती. मी तोंड उघडलं की बाई विचारणार, मग यांनी पास कसा केला? आणि त्या प्रश्नाला भाऊजींचा हात सोडून दुसरं उत्तर नव्हतं. हात गेलेला हातोडेवाला कोण ठेवतो? बसवतील कुठेतरी फाटकावर, आल्यागेल्याची नोंद करायला.

‘बोटभरच आहे ना,’ भाऊजी म्हणाले. ‘जाऊ दे. पुढच्या लॉटला बघू.’

हे त्यांनी म्हणावं? माझ्या नाकावर राग असतो असं ताई म्हणायची. एरवी मी शेड डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी राग आला नाही. मी नुसतं विचारलं, ‘भाऊजी, पाचशे माणसांचे हात तुमच्या हातासारखे करायचे का?’ घंटा झाली, ते उठले आणि आपल्या कोपऱ्यात गेले. दुपारभर मी पाहत होते, त्यांनी समोरच्या आराखड्यावर एकही रेघ ओढली नाही.

मी एक तोड काढली. बाईंना सांगायचं, नमुन्यात तेल बरोबर होतं, वंगण पडलं ते फक्त लॉटमध्ये. मग लॉट थांबतो, चूक माझी एकटीची होते आणि भाऊजींची खूण खरी राहते. भाऊजींनी फक्त गप्प राहायचं, आणि गप्प राहण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. नमुना मी कारखाना सुटायच्या आधीच खोलून, धुऊन, तेल घालून बंदही करून टाकला. संध्याकाळी जेवताना त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

सकाळी बाईंच्या खोलीत आम्ही दोघं उभे राहिलो. मी सगळं घडाघडा सांगितलं, दोन हिरवे डबे, माझं लक्ष नव्हतं, लॉट खोलावा लागेल. बाईंनी कपाळाला हात लावला. ‘तुमच्या घरी झालं ते माहितीये मला,’ त्या म्हणाल्या, ‘पण पाचशे? बरं, नमुना तरी ठीक आहे ना?’

‘नमुना ठीक आहे,’ मी म्हटलं.

‘नव्हता,’ भाऊजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बाईंकडे बघत होते.

‘नमुन्यातही वंगणच होतं. काल हिने धुतलं. मी तसाच पास केला होता. माझ्या हाताला कळत नाही, बाई. चार वर्षं झाली.’ त्यांनी खिशातून खडू काढला. दोनदा हातातून निसटला, मग टेबलावर ठेवला. ‘ही मला वाचवतेय. बसखाली झोपणाऱ्यांचं काय?’

बाईंनी खडू उचलून बघितला. ‘चार वर्षं पास झालेले हातोडे मग कोणी पास केले?’

‘हिच्या तोंडाने.’

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी न आणलेलं यंत्र चार वर्षं कारखान्यात होतं आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आरडाओरडा त्यांनी केला नाही. फक्त विचारलं, ‘वडील असते तर त्यांना सांगितलं असतंत ना?’ भाऊजींनी मान खाली घातली. मग बाईंनी ठरवलं ते असं : आराखडे भाऊजींनी करायचे. ऐरणीशी ते यापुढे उभे राहणार नाहीत. खडू माझ्याकडे. वर्कशॉपला दोन आठवडे उशीर होईल म्हणून त्या स्वतः कळवतील. आणि भाऊजींनी डॉक्टरकडे जायचं, कारखान्याच्या खर्चाने, या शनिवारी.

खोलीबाहेर आल्यावर भाऊजी ऐरणीपाशी गेले, तिच्यावर तळहात ठेवून जरा वेळ उभे राहिले. त्यांना ती गार लागत होती की नाही कोण जाणे. नंतर ते माझ्या टेबलापाशी आले. मी बुचं काढायची, त्यांनी डोकी धरून ठेवायची. छर्रे रॉकेलमध्ये धुऊन परत भरायचे. शनिवारपर्यंत आमची दीडशे डोकी झाली. मी खडू एप्रनच्या खिशात ठेवला होता. मला त्याचं ना सुख होतं ना दुःख.

शनिवारी दुपारी दार वाजलं. उघडलं तर भाऊजी उभे होते. सदऱ्याच्या दोन्ही बाजू त्यांनी दोन मुठींत धरून छातीवर ओढून घेतल्या होत्या.

‘काय म्हणाला डॉक्टर?’

‘आता परत येणार नाही म्हणाला. आहे तेवढं सांभाळा.’ ते आत आले नाहीत. ‘त्याने आधी छातीची तपासणी केली. तारा लावायच्या होत्या. नर्सने बटणं काढली.’

‘मग?’

‘मला लावता येत नाहीत.’

मला अजून उमगलं नव्हतं. ‘मग इतके दिवस काय करत होतात?’

भाऊजींनी सदऱ्याकडे पाहिलं. तो फिकट निळा सदरा दोन महिने त्यांच्या अंगावर होता. मी दोनदा टोकलंही होतं, दुसरा घाला म्हणून. मला वाटलं, बाईमाणूस घरात नाही, आता हे असंच चालणार.

‘तुझी ताई लावून द्यायची. रोज सकाळी, चार वर्षं.’ ते थांबून थांबून बोलत होते. ‘दवाखान्यात जायच्या दिवशी तिने हा लावून दिला. वरची दोन उघडी ठेवून. मग मी तो डोक्यातूनच घालत होतो. डोक्यातूनच काढायचो. धुवायचा पण तसाच. तिने लावलेलं एकही बटण मी काढलं नव्हतं.’

त्यांनी मुठी सोडल्या. सदरा उघडा झाला.

ताईला सगळं माहीत होतं. समोरासमोरची दारं, रोज माझ्याकडे येणं-जाणं, थंडोबांची एवढी थट्टा, आणि या एका गोष्टीबद्दल ती चार वर्षं मला अवाक्षर बोलली नव्हती. मला तिचा राग आला, असा की कान तापले. तिला खडसावायला हवं होतं, आणि ती कुठेच नव्हती. मी खालून सुरुवात केली. पहिलं बटण रागातच लावलं. दुसरंही. तिसऱ्याशी मला काही दिसेनासं झालं, मी रडत होते, तोंडाने आवाज येत होता आणि तो मला थांबवता येत नव्हता. भाऊजी दारात तसेच उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना सोडून. पुढची दोन बटणं मी बोटांनी चाचपून लावली.

‘वरची दोन राहू दे,’ ते म्हणाले.